दुसऱ्या बाजूची शांतता

रविवार, ३ मार्च

टाचणी स्वतः एक रेकॉर्ड काढतोय. काल त्याच्या रेकॉर्डच्या दुकानात पाऊल टाकलं आणि त्याने ही बातमी दिली. पाठोपाठ हेही सांगितलं की कव्हरच्या मागचा मजकूर मी लिहायचा. मी म्हटलं, बाबा रे, माझं काम लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचं. तर म्हणतो, "म्हणूनच तुम्ही. लिहिणाऱ्या लोकांना ऐकायच्या आधीच सगळं माहीत असतं. तुम्ही अजून घाबरता."

घाबरतो हे खरं आहे. दीड वर्षापूर्वी हा काडीसारखा माणूस तुटलेली फ्रेम घेऊन माझ्याकडे आला. (टाचणी हे नाव त्याला त्याच्याच गिऱ्हाइकांनी ठेवलंय.) मी स्क्रू बसवेपर्यंत तो अखंड बोलत होता. तळघरांत नाहीतर गाडीच्या शेडमध्ये वाजवणारे बँड, ज्यांचं नाव त्यांच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नाही. दोनशे प्रती काढायच्या आणि गायब व्हायचं. सायकेडेलिक, प्रायोगिक, असले शब्द तो तोंडात खडीसाखर धरल्यासारखे घोळवत होता. जाताना एक रेकॉर्ड ठेवून गेला. मी सत्तावन्न वर्षांचा होतो. तोवर गाणं म्हणजे दाढी करताना गुणगुणायची गोष्ट. ती रेकॉर्ड लावली, तर गिटारला सूरच नाही, नुसती गुरगुर. ती वाढत गेली, वाढत गेली, आणि अकराव्या मिनिटाला तिच्यात असं काही उघडलं की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. कोणासाठी उभा राहिलो ते अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी चारला एक नवी रेकॉर्ड. ऐकून झालं की एका कार्डावर चार ओळी लिहायच्या. टाचणी ते कार्ड भिंतीवर लावतो आणि लोक ते वाचून रेकॉर्ड घेतात. तिथे मला 'पहिला कान' म्हणतात. हे मी हिला मोठ्या ऐटीत सांगितलं, तेव्हा ही काहीतरी पुटपुटली आणि हसली. काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

कव्हरवर छापलेलं कार्डासारखं फाडून टाकता येत नाही. तरी मी हो म्हटलं.

गुरुवार, ७ मार्च

एका बाईंना वाचायचा चष्मा हवा होता आणि मी लांबचा नंबर काढत बसलो. भाची काउंटर सांभाळते, ती आत आली आणि म्हणाली, "मामा, त्यांनी तीनदा सांगितलं. तुमची पाठ होती त्यांच्याकडे." आता पाठीशी बोलायचं असेल तर माणसाने जरा मोठ्याने बोलावं. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. विशेषतः बायका.

टाचणीचं बरं आहे. अंगावर मांस नाही पण आवाज ढोलासारखा. त्याच्याशी बोलताना जिवाला त्रास होत नाही.

रविवार, १० मार्च

आजच्या बँडमध्ये दोन ड्रमवाले आणि एक बेसवाला, बस. बेसवाला वीस मिनिटं चारच स्वर वाजवतो. चार. पहिली पाच मिनिटं वाटलं, हा थट्टा करतोय. मग वाटलं, हा वेडा आहे. मग वाटेनासं झालं. जमिनीखालून कुणी भलं मोठं चालत निघालंय आणि आपण त्याच्या पाठीवर बसलोय हे आपल्याला आज कळतंय. रेकॉर्ड संपल्यावर मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तर ग्लाससुद्धा जपून ठेवावासा वाटला.

एक गोष्ट ध्यानात आली, ती कार्डावरही लिहिली. या नव्या लोकांनी झांजा टाकून दिल्या आहेत. गेल्या वर्षी निदान थोडाफार चकचकाट असायचा. आता सगळं पोटातून येतं. वरची झालर काढून टाकलेली. याला म्हणतात धाडस.

ही गॅसवर शिट्टीची किटली ठेवून विसरली होती. मी स्वयंपाकघरात पोहोचलो तेव्हा पाणी आटून बूड लाल झालं होतं. मी बोललो तर माझ्याकडेच बघते, "तुम्ही शेजारच्या खोलीत होतात." असेन. मी काय किटलीचा पहारेकरी आहे?

ही हल्ली कमी बोलते. पूर्वी जेवताना वाचनालयातलं दिवसभराचं सगळं सांगायची, कोणी पुस्तकात काय विसरलं, कोण कुठली पानं दुमडून गेलं. आता ताटात बघून जेवते. तेहतीस वर्षांत सांगायचं ते सांगून झालं असेल. मी मनाला लावून घेत नाही.

शनिवार, १६ मार्च

टाचणीच्या रेकॉर्डची चाचणी प्रत हातात पडली. पांढरं कोरं कव्हर. चौघांचा बँड आहे आणि ड्रम वाजवते ती एक तिशीतली मुलगी. दुकानात सगळे तिला झांजवाली म्हणतात. पहिल्या बाजूला चौघं मिळून. दुसरी बाजू तिच्या एकटीची.

"तिथे काय आहे?" मी विचारलं.

"मी सांगणार नाही," टाचणी म्हणाला. "मी ऐकलं त्या दिवशी दुकान उघडलंच नाही."

पिशवी घरी आणताना मी तान्हं बाळ आणावं तशी आणली.

रविवार, १७ मार्च

सहा वाजलेत.

पहिली बाजू. गिटारवाला एकच तान घेतो आणि दुसरा ती उलटी फिरवतो. त्या दोन्ही एकमेकींना शोधत फिरतात. मध्येच आवाज असा पसरतो की खोलीच्या भिंती मागे सरकल्यासारख्या वाटतात. ही अतिशयोक्ती नाही, मी एकदा खरंच कपाटाकडे बघितलं. ड्रम ऐकले आणि त्या मुलीबद्दल आदर वाटला. ती ठोकत नाही, ती दार वाजवते आणि वाट बघते. शेवटी चौघं एका स्वरावर येतात आणि तिथून हलत नाहीत. मला माझे वडील आठवले. का आठवले, सांगता येणार नाही. डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

मग दुसरी बाजू. सुई टेकवली. काही नाही.

मी थांबलो. सुई चालतेय, रेकॉर्ड फिरतेय, आणि काही नाही. साधी खरखरसुद्धा नाही, इतकी स्वच्छ दाबलेली. दोन मिनिटांनी मी आवाज वाढवला. मग आणखी. मग शेवटपर्यंत. आणि तेव्हा कळलं, विजेचा झटका बसावा तसं कळलं. एका ड्रम वाजवणाऱ्या मुलीने, जिचं सगळं आयुष्य ठोकण्यात गेलं, एकोणीस मिनिटांची शांतता रेकॉर्ड केली आहे. आधीच्या त्या सगळ्या गदारोळानंतर ती आपल्या हातात हे देते. घ्या, म्हणते, आता तुम्ही.

मी शांतता पूर्ण आवाजात ऐकली. माझ्या आयुष्यात मी इतकं मोठं काही ऐकलेलं नाही. आधी माझा श्वास, मग छातीतला ठोका, मग त्याच्याही मागे काही तरी, ज्याला मी नाव देणार नाही. बाहेरही परिणाम झाला म्हणायचा. शेजारचं कुत्रं, जे एरवी कुणाला विचारत नाही, ते कुंपणाशी येऊन मान वर करून रडायला लागलं. मुक्या जनावरालाही शांतता कळते. ही दारात आली, काहीतरी बोलली, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि दार ओढून निघून गेली. ज्याची त्याची आवड. तिच्यावर रागावण्याइतकी जागा माझ्यात उरलीच नव्हती.

एकोणीस मिनिटांनी सुई उचलली गेली आणि मी मजकूर एकटाकी लिहिला.

बुधवार, २० मार्च

टाचणीने मजकूर दुकानात उभ्याने वाचून दाखवला. "दुसऱ्या बाजूला शांतता आहे. ती पूर्ण आवाजात ऐका." वाचून थांबला. तिथे असलेले तिघंही थांबले. त्यातला एक दाढीवाला म्हणाला, "शांतता. बरोबर. हाच शब्द आहे." टाचणीने माझा हात दोन्ही हातांत धरला. कव्हर पंधरा एप्रिलला छपाईला जाणार, माझ्या नावासकट.

घरी आल्यावर हिने विचारलं, "ती शिट्टी पुन्हा लावणार आहात का? त्या दिवशी डोकं दुखलं माझं." मी म्हटलं, किटली तर तूच ठेवतेस. ती मग भाजी चिरायला लागली.

शनिवार, ३० मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, नाहीतर उद्या मी त्याला दुसरं काहीतरी करून टाकेन.

अकराच्या सुमारास झांजवाली दुकानात आली. चष्म्याच्या दुकानात, माझ्याकडे. बारकी चण, आवाजही बारका. मी दोनदा "काय?" म्हटल्यावर ती स्टूल ओढून समोर बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत बोलायला लागली.

"काका, तुम्ही लिहिलेलं वाचलं. मी ते आईलाही वाचून दाखवलं. एकच विचारायचं होतं. शांतता कुठे सुरू होते?"

"सुई टेकली की."

"आणि संपते कधी?"

"सुई उचलली की."

ती मग म्हणाली, "मी त्यात सबंध वेळ वाजवतेय."

मी हसलो. या लोकांचं बोलणं असंच असतं. पण ती हसली नाही. व्हायोलिनचा गज झांजेच्या कडेवरून ओढला की जो आवाज निघतो तो, ती म्हणाली, आणि नखाएवढ्या घंटा. तीन महिने ती तेच करत होती. मग तिने पिशवीतून एक इवलीशी घंटा काढली, दोन बोटांत धरली आणि माझ्यासमोर हलवली. घंटा हलताना मला दिसली. काउंटरवर हिशेब करणाऱ्या भाचीने मान वर केली आणि आमच्याकडे बघितलं.

मी भाचीकडे बघितलं. झांजवालीने घंटा मुठीत धरली.

"ज्यांच्याकडे शिकले त्यांचंही असंच झालं," ती म्हणाली. "वरच्या सुरांचं ऐकणं आधी जातं. इतकं हळूहळू जातं की कळत नाही. रागावू नका."

मी म्हटलं, मजकूर मी मागे घेतो. ती नको म्हणाली. तिला तो आवडलाय. मी म्हटलं, पण तो खोटा आहे. त्यावर तिने जरा विचार केला. "खोटा नाही हो. फक्त तो माझ्या रेकॉर्डबद्दल नाही."

ती गेल्यावर मी तपासणीच्या खोलीत दिवा बंद करून बसलो. सत्तरएक कार्डं लिहिलीत मी. झांजा टाकून देणारे ते सगळे धाडसी बँड. त्यातल्या एकानेही टाकल्या नसतील.

हिला सांगितलं नाही.

मंगळवार, २ एप्रिल

कान तपासायला गेलो. टीचभर खोली, भिंतींना स्पंज, कानांवर डबे, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे बसलेल्या बाईंचा खांदा आवाज देताना किंचित हलतो हे माझ्या दोन मिनिटांत लक्षात आलं, आणि मी खांदा बघून बटण दाबायला लागलो. माझ्याकडे तक्ता पाठ करून येणारी गिऱ्हाइकं आहेत. त्यांची मी तीस वर्षं मनातल्या मनात टर उडवली. बाई बाहेर आल्या आणि माझी खुर्ची भिंतीकडे फिरवून गेल्या.

नंतर कागद पुढे ठेवला. रेघ डावीकडे, खालच्या सुरांना, ठीक चालते आणि मग कड्यावरून पडावी तशी खाली जाते. कानाला यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं पुष्कळ सुधारेल, त्या म्हणाल्या. आणि सगळ्यात वरचं? त्यांनी मान हलवली. तिथे वाढवायला आत काही उरलेलं नाही. मग कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "घरच्यांचा आवाज बारीक आहे का? तो बहुतेक इथे पडतो." बोट कड्याच्या खाली होतं.

शुक्रवार, ५ एप्रिल

हिला आज सांगितलं. कागद दाखवला, रेघ दाखवली, झांजवालीचं सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसेल, किंवा किटलीचा विषय काढेल. तिने कागद हातात घेतला आणि खुर्चीत बसली.

"दीड वर्ष," ती म्हणाली. मला दिसावं म्हणून तोंड माझ्याकडे करून म्हणाली. "मी काही बोलले की तुम्ही उठून त्या खोलीत जायचात. दार लावून घ्यायचात. मला वाटलं, तुम्हाला माझा आवाज नकोसा झालाय. म्हणून मी बोलणं सोडलं."

मी रेकॉर्ड ऐकून रडलो होतो, आणि शेजारच्या खोलीत ही एकेक शब्द कमी करत होती. मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही, पण लगेच धरलाही नाही. मग धरला.

रविवार, ७ एप्रिल

कालपासून कानांत यंत्रं आहेत. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर दचकलो. चमचा केवढा बोलतो. आणि हिचा आवाज. थोडा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण शब्दांना कडा आहेत. वाचनालयात कुणीतरी खूण म्हणून पुस्तकात विळखा घातलेला दोरा विसरला होता, ती गोष्ट तिने सांगितली. गोष्टीत तसं काहीच नव्हतं. मी ती पुन्हा सांगायला लावली.

चार वाजता दुसरी बाजू लावली. साध्या आवाजात. कुठेतरी खूप दूर एखादी वाफ असावी तसं काहीतरी आलं, की यंत्राचंच ते, कोण जाणे. बाकी काही नाही. बाईंनी सांगितलंच होतं. तरी मनात होतं, आपल्यासाठी अपवाद होईल. जीव कालवला. एवढी सुंदर गोष्ट माझ्या खोलीत होती, माझ्यासमोर फिरत होती, आणि मी दाराबाहेर.

टाचणीला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्या दाढीवाल्याला आपण काही सांगायचं नाही." मग दोघंही हसलो. कव्हरची मागची बाजू पुढच्या रविवारपर्यंत माझी, तो म्हणाला. नाहीच जमलं तर कोरी छापू.

शनिवार, १३ एप्रिल

पहिल्या बाजूचं चार ओळींत लिहून झालं. दुसऱ्या बाजूपाशी कागद अडलाय. झांजवालीने तीन महिने घातले आणि तिच्याबद्दल कव्हरवर काहीच नसावं, हे मला सहन होत नाही. न ऐकता लिहायचं तर मग मी तक्ता पाठ करणाराच.

हिला विचारलं, माझ्यासाठी ऐकशील का. ती म्हणाली, "मला त्यातलं काय कळतं?" मी म्हटलं, काय ऐकू येतं तेवढंच सांग, मी लिहून घेतो. "आणि डोकं दुखलं तर?" म्हटलं, आवाज तू लाव, तुला हवा तेवढा.

रविवार, १४ एप्रिल

चार वाजता बसलो. दीड वर्षात ही पहिल्यांदा त्या खोलीत बसायला आली. खुर्ची एकच आहे. ती तिला दिली, मी स्टूल घेतलं. मांडीवर वही, हातात पेन, शाळेतल्या पोरासारखा. तिने आवाजाचं बटण अगदी कमी केलं, जरा वाढवलं, पुन्हा किंचित कमी केलं. मी सुई टेकवली.

"अजून काही नाही," ती म्हणाली. मी लिहिलं.

"आता आहे. एकच. खूप बारीक. सुरू झाला तेव्हा कळलंच नाही." मी लिहिलं.

"आता दुसरा आला. पहिल्याच्या अगदी जवळ. दोघांच्या मध्ये काहीतरी हलतंय." मी लिहिलं. "घंटा. एक. नाही, कितीतरी आहेत, पण एकेक करून." मी लिहिलं. "हे वर जातंय. अजून वर. इतकं वर कसं..." आणि ती थांबली.

मी पेन धरून वाट बघितली. सुई चालत होती. मी म्हटलं, मग? पुढे काय?

तिने हात वर केला. माझ्याकडे न बघता, तळवा माझ्याकडे करून. "थांबा," ती म्हणाली. "ऐकू द्या."

मी थांबलो. ती जराशी पुढे झुकून बसली होती, ओठ थोडेसे उघडे. मला वाटतं, त्या पहिल्या रेकॉर्डच्या अकराव्या मिनिटाला मी असाच दिसलो असेन, पण मला कुणी बघितलं नव्हतं. कपाळावरची आठी हळूहळू गेली. मग डोळे मिटले. मग मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने ते पुसलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी फार मोठं जात होतं आणि ते काय आहे हे मला कधीही कळणार नव्हतं. मी अकरा मिनिटं नुसता बघत राहिलो. एवढं भान हरपून मी कुठलीही रेकॉर्ड ऐकलेली नाही.

सुई आपोआप उचलली गेली. मी पुढचं काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने चहा टाकला.

मजकूर टाचणीला पाठवला. पहिल्या बाजूच्या चार ओळी आहेत तशा. त्याखाली:

"दुसरी बाजू मला ऐकू येत नाही. माझ्या बायकोने ऐकली. काय ऐकू येतंय ते ती मला सांगत होती. आठव्या मिनिटाला म्हणाली, थांबा, ऐकू द्या."

खाली दोघांची नावं घातली.